पाजणे, देणे आणि पिऊ देणे : घरातील मद्य आणि अल्पवयीन मुले यांविषयी एक ऐतिहासिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा झाला की आज ना उद्या मद्याशी त्याची गाठ पडणारच. ती बाहेर, मित्रांच्या संगतीत पडण्यापेक्षा घरी, आईबापांच्या देखत पडलेली बरी, असा एक विचार अलीकडे सुशिक्षित कुटुंबांतून बोलला जातो. ज्या घरात बापच मुलापुढे पेला ठेवतो त्या घरात पुढे कोणी कोणाला आवरावयाचे, हा जुना प्रश्नही तितक्याच आग्रहाने विचारला जातो. हा वाद बहुधा नीतीचा किंवा आरोग्याचा म्हणून मांडण्यात येतो. परंतु त्याला एक इतिहासही आहे आणि तो अगदी जवळचा आहे. मुंबई इलाख्यात व पुढे महाराष्ट्रात गेल्या सुमारे दीडशे वर्षांत शासनसंस्थेने घराच्या उंबऱ्याविषयी वेळोवेळी निरनिराळी भूमिका घेतली. कधी ती उंबऱ्याबाहेर थांबली, कधी आत आली, कधी पुन्हा मागे सरली. आईबापांचा स्वतःचा म्हणून जो अधिकार आज गृहीत धरला जातो, त्याच्या मर्यादा या ये-जा करण्यातून ठरत गेल्या आहेत.

या इतिहासाकडे शब्दांच्या अंगाने पाहणे फलदायी ठरते. लहान मुलाच्या संदर्भात मराठीत तीन क्रिया स्पष्टपणे वेगळ्या आहेत. ‘पाजणे’ हे प्रयोजक क्रियापद होय. त्यात पाजणाऱ्याचे कर्तृत्व पूर्ण असते. ‘देणे’ या क्रियेत वस्तू हाती येते, पण ती पिण्याचे कर्तृत्व घेणाऱ्याकडे राहते. ‘पिऊ देणे’ यात देणाऱ्याने काहीच दिलेले नसते. त्याने फक्त अडविलेले नसते. आईबापांनी मुलांना घरी मद्य घेऊ द्यावे काय, हा प्रश्न बोलताना या तिन्ही क्रिया एकमेकींत मिसळल्या जातात. कायद्याने मात्र त्या निरनिराळ्या काळी निरनिराळ्या रीतीने वेगळ्या केल्या आहेत.

२. शिरोलीचे उदाहरण

अशा प्रश्नाचा विचार हवेत करण्यापेक्षा एखादे स्थळ डोळ्यांसमोर ठेवून करणे बरे. कोल्हापूर शहराच्या उत्तरेस, पंचगंगा ओलांडताच, हातकणंगले तालुक्यातील पुलाची शिरोली हे गाव लागते. गावाच्या नावातच पूल आहे, आणि त्या पुलावरून जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ साली झाला व १९६२ साली त्याखालील महामंडळ अस्तित्वात आले. या महामंडळाच्या ज्या वसाहतींमुळे कोल्हापूरचा ओतकामाचा धंदा शहरातील शिवाजी उद्यमनगराबाहेर विस्तारला, त्यांत शिरोलीची वसाहत प्रमुख आहे. साचे, भट्ट्या, ओतीव भाग आणि त्यांचे यंत्रकाम हा तिचा मुख्य व्यवसाय होय.

मद्याच्या इतिहासाच्या दृष्टीने या स्थळी तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली ऊस. कोल्हापूर हा साखरेचा व गुळाचा जिल्हा. कारखान्यातील मळीपासून मद्यार्क निघतो व त्यापासून सरकारमान्य देशी दारू तयार होते. काळा गूळ आणि नवसागर यांच्यापासून हातभट्टीची. म्हणजे मद्याचा कच्चा माल येथे परका नाही. दुसरी गोष्ट महामार्ग. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरांच्या आत मद्यविक्रीस मनाई केली. ३१ मार्च २०१७ च्या आदेशाने वीस हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या भागांसाठी हे अंतर २२० मीटरांवर आणले. आणि त्याच वर्षी पुढे नगरपालिका हद्दीतील दुकानांना त्यातून वगळले. महामार्गालगतच्या गावांना दुकान किती दूर असावे हा प्रश्न तेव्हापासून मीटरांत मोजावा लागला. घर आणि बाटली यांतील अंतर मात्र त्या आदेशांचा विषय नव्हता.

तिसरी गोष्ट वय, आणि ती सर्वांत महत्त्वाची. दहावी होऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाणारा मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असतो. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अन्वये चौदा वर्षे पूर्ण झालेला मुलगा उमेदवारी करू शकतो. धोक्याच्या उद्योगांतील व्यवसायांसाठी पुढे ही मर्यादा अठरावर नेण्यात आली. कारखाने अधिनियम, १९४८ हा पंधरा ते अठरा या वयाच्या व्यक्तीस ‘किशोर’ मानत असे व कामास योग्य असल्याचा वैद्यकीय दाखला मागत असे. १८७५ च्या सज्ञानतेच्या कायद्याने माणूस अठराव्या वर्षी सज्ञान होतो. महाराष्ट्रात बिअर व वाईन यांसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ ही वयोमर्यादा आहे. एकाच मुलाला चौदा, पंधरा, अठरा, एकवीस आणि पंचवीस अशा पाच उंबरठ्यांवरून जावे लागत असे. मुलगा सोळा वर्षांचा झाला की त्याच्याशी मित्राप्रमाणे वागावे, हे संस्कृत सुभाषित मराठी घरांतून परंपरेने सांगितले जाते. त्यातील सोळा हा आकडा या पाचांपैकी एकाशीही जुळत नाही. कामगाराच्या घरात आणखी एक परिमाण असते. मुलगा ‘कमावता’ झाला म्हणजे तो मोठा झाला, हा समज कोणत्याही कलमापेक्षा जुना आहे. पहिला पगार आणि सज्ञानता यांमध्ये जो काळ जातो, त्यातच घरातल्या पेल्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो.

३. ‘दारू’ या शब्दाचा वारसा

‘दारू’ हा शब्द फारसीतून आला. तेथे त्याचा मूळ अर्थ औषध असा आहे. मराठीत या शब्दाला तीन शाखा फुटल्या. ‘दवादारू’ या जोडशब्दात औषधाचा मूळ अर्थ टिकून आहे. ‘दारूगोळा’, ‘शोभेची दारू’ या प्रयोगांत तो स्फोटक चूर्णाकडे वळला. आणि एरवीच्या बोलण्यात तो मादक पेयाला रूढ झाला. एकाच शब्दात औषध आणि मादक पेय एकत्र नांदत आले, हे केवळ कोशातले कुतूहल नव्हे; मद्य आणि मूल यांच्या संबंधात औषधाची पळवाट नेहमीच उघडी राहिलेली दिसते. थंडीवाऱ्यात लहान मुलाला चमचाभर ब्रँडी देणे हा कित्येक घरांत घरगुती उपचार मानला गेला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात निघालेल्या आणि भारतातही घरोघर पोहोचलेल्या ग्राइप वॉटरच्या मूळ कृतीत मद्यार्क होता. आयुर्वेदातील आसवे व अरिष्टे यांत तो किण्वनाने स्वतःच निर्माण होतो. ज्या घरात मद्य निषिद्ध होते, त्या घरातही ‘औषध’ या नावाने ते मुलाच्या तोंडी लागत होते, आणि त्याला कोणी ‘पिणे’ म्हणत नव्हते.

क्रियापदांचीही अशीच वाटणी झाली आहे. ‘पितो’ म्हटले की निंदा सूचित होते. ‘घेतो’ म्हटले की सभ्यपणा. दुकानाच्या पाटीवर ‘देशी’च्या पुढे ‘दारू’ असते व ‘विदेशी’च्या पुढे ‘मद्य’. ‘बेवडा’ हा शब्द मुळात दोनदा गाळलेल्या दारूचा होता. पुढे तो ती पिणाऱ्या माणसाला चिकटला. सुशिक्षित घरात मुलाला ‘थोडी घेऊ देणे’ आणि कामगाराच्या घरात पोरगा ‘पिऊ लागणे’ ही वर्णने एकाच घटनेची असू शकतात. या विषयावरील चर्चेत वर्गभेद शब्दांतूनच कसा शिरतो, याचे हे उदाहरण होय.

४. आबकारीपासून दारूबंदीपर्यंत

‘आबकारी’ हाही फारसीच शब्द. १८७८ चा मुंबई आबकारी कायदा हा मुख्यतः महसुलाचा कायदा होता. दारू कोठे गाळावी, कोणी विकावी आणि सरकारला किती द्यावे, हे त्याचे विषय. घरात कोण पितो याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते; घरात कोण गाळतो याच्याशी मात्र पुरेपूर होते. १८९२ च्या मोहवा कायद्याने ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध आणले. मोहाच्या बाबतीत शासन घरापर्यंत आले ते महसूल सुरक्षित राखण्यासाठी आले. मुलांच्या हिताचा विचार त्यामागे नव्हता.

नीतीचा आवाज समाजातून उठला. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली जोतीराव फुले यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक त्यांच्या निधनानंतर १९१९ साली रंगभूमीवर आले आणि त्याच्या नावाला मराठीत जवळजवळ वाक्प्रचाराचे स्थान मिळाले. आरंभीचा पेला हाच खरा धोक्याचा, ही या नाटकाची मांडणी. त्यात तो पेला नायकाच्या हाती मित्रमंडळींतून येतो, आणि उद्ध्वस्त होते ते घर. बाहेर मद्य, आत कुटुंब, आणि दोहोंमध्ये उंबरा, अशी जी रचना मराठी मनात पक्की झाली, तिला या नाटकाने मोठा आधार दिला. मद्य घरातच, आईबापांच्या हातून यावे ही कल्पना या रचनेत बसत नाही. म्हणूनच ती आजही अनेकांना विचित्र वाटते.

१ ऑगस्ट १९३९ रोजी काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी सुरू केली. पण थोड्याच महिन्यांत मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ संमत झाला. त्याच वर्षी १ मार्च रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले होते. त्यामुळे पंचगंगेकाठच्या गावांनाही हाच कायदा लागू झाला. ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण राज्यात दारूबंदी अमलात आली. आबकारी कायद्याहून या कायद्याचे वेगळेपण असे की, विक्रीबरोबरच बाळगणे आणि पिणे हेही परवान्यावाचून गुन्हा ठरले. येथे शासनसंस्था प्रथमच घरातल्या पेल्यापर्यंत पोहोचली. मूल असो वा प्रौढ, परवाना नसलेल्या कोणालाही पिण्याची मोकळीक नव्हती. त्यामुळे मुलांचा वेगळा प्रश्न उद्भवलाच नाही.

२५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्य विरुद्ध फ्रामजी नसरवानजी बलसारा या खटल्यात या कायद्याचा बराचसा भाग कायम ठेवला. परंतु मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांच्यावरील बंदी अवाजवी ठरविली. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदातही ‘औषधी प्रयोजनाखेरीज’ असाच अपवाद आहे. ‘दारू’ या शब्दातील जुना अर्थ अशा रीतीने कायद्यातही मान्य झाला.

याच अधिनियमाच्या कलम ४० ब मध्ये एक लक्षणीय तरतूद आढळते. आकस्मिक प्रसंगी औषध म्हणून वापरण्यासाठी ब्रँडी, रम किंवा शँपेन बाळगण्याचा परवाना व्यक्तीस किंवा कुटुंबप्रमुखास त्याच्या कुटुंबाकरिता देता येतो. कुटुंब म्हणजे एकत्र राहणारा व एकत्र जेवणारा गट, आणि एका कुटुंबात एका वेळी एकच परवाना. दारूबंदीच्या अत्यंत कडक काळातल्या या कायद्याने घर हे एक एकक मानले, त्याचा एक प्रमुख मानला, आणि घरातल्या सर्वांना, म्हणजे मुलांनाही, औषध म्हणून मद्य देण्याचा विवेक त्या प्रमुखावर सोपविला. आईबापांच्या विवेकाला महाराष्ट्राच्या मद्यविषयक कायद्यात जर कोठे मान्यता मिळाली असेल, तर ती येथे. आणि तीही दुखण्याखुपण्यापुरती.

५. परवान्याचे युग

१९६० साली राज्याचे विभाजन झाले. गुजरातने दारूबंदी कायम ठेवली. महाराष्ट्राने त्याच अधिनियमाच्या चौकटीत राहून १९६० च्या दशकाच्या मध्यापासून परवान्याच्या अटी शिथिल केल्या, आणि १९७३ च्या देशी दारू नियमांनी देशी दारूची विक्री नियमबद्ध करून खुली केली. एकाच कायद्याखाली दोन शेजारी राज्यांत दोन वेगळी वास्तवे निर्माण झाली. महाराष्ट्रातही सर्वत्र एकच स्थिती राहिली नाही. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी आली. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली.

मात्र महाराष्ट्राच्या कायद्याचे नाव बदलले नाही, आणि परवान्याची कल्पनाही गेली नाही. २०१२ साली ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आले एवढेच. ‘दारूबंदी अधिनियम’ हे शब्द कायम राहिले. ‘परमिट रूम’ हा शब्द या इतिहासाचा अवशेष आहे. मुळात परवानाधारकाने बसून पिण्याची ती जागा. आज पाटी वाचणाऱ्याला त्यातील ‘परमिट’ जाणवतही नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र महाराष्ट्रात मद्यपान हा आजही सर्वसाधारण हक्क नसून परवान्याने मिळणारी सवलत आहे.

येथे एक महत्त्वाचा बदल घडला. परवाना कुटुंबाकडून व्यक्तीकडे आला, आणि व्यक्ती ओळखली जाऊ लागली ती वयाने. १९४९ च्या अधिनियमात मूल घरात विरघळलेले होते. परवान्याच्या युगात ते वयाच्या आकड्याने वेगळे काढले गेले. एकोणीस वर्षांचा तरुण १९८९ पासून मतदान करू शकतो, करार करू शकतो. पण बापाच्या घरी बापाच्याच बाटलीतली बिअर त्याने घेतली तरी परवान्याच्या दृष्टीने तो अपात्रच राहतो. पंचविशीपर्यंतच्या मुलाच्या बाबतीत आईबापांची संमती कायद्याला पुरेशी वाटत नाही.

६. बालकायद्यातील तीन शब्द

येथवरचा प्रवाह मद्यविषयक कायद्याचा झाला. त्याच्या शेजारून बालसंरक्षणाच्या कायद्याचा दुसरा प्रवाह वाहत होता. त्याचा एक उगम इंग्लंडात आहे. तेथील १९०८ च्या बालकायद्याने पाच वर्षांखालील मुलास मद्य देणे हा गुन्हा ठरविला. वैद्याची आज्ञा, आजार, आजाराची भीती किंवा तातडीचे कारण हे त्याला अपवाद ठेवले. १९३३ च्या कायद्याने तीच मर्यादा पुढे चालविली, आणि इंग्लंडात आजही घरी मद्य देण्याबाबत पाच हेच वय कायम आहे. पाच वर्षांपुढील मुलाबाबत घर तेथे आईबापांच्या विवेकावर सोडलेले आहे. ‘डोळ्यांदेखत शिकू द्यावे’ हा इंग्रजी साहित्यातून आपल्याकडे येणारा युक्तिवाद या कायदेशीर भूमीवर उगवलेला आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

भारतात १९८६ च्या बालन्याय कायद्याने ‘अल्पवयीन’ म्हणजे सोळा वर्षांखालील मुलगा किंवा अठरा वर्षांखालील मुलगी अशी व्याख्या केली. अशा अल्पवयीनास सार्वजनिक ठिकाणी मादक मद्य देणे किंवा देवविणे हा गुन्हा होता. अर्हताप्राप्त वैद्याची आज्ञा आणि आजार हे दोन अपवाद होते. २००० च्या कायद्याने मुलगा व मुलगी दोघांसाठी अठरा हे वय ठरविले. मद्यासंबंधीच्या कलमातील ‘सार्वजनिक ठिकाणी’ ही मर्यादा आणि दोन्ही अपवाद मात्र तसेच ठेवले. अमली पदार्थांना स्थळाची मर्यादा नव्हती. ती केवळ मद्याला होती. म्हणजे तीस वर्षे हा कायदा मद्याच्या बाबतीत घराच्या उंबऱ्याशी जाणीवपूर्वक थांबत होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

२०१५ साली नवा बालन्याय अधिनियम संमत झाला व १५ जानेवारी २०१६ पासून तो अमलात आला. त्याच्या ७७ व्या कलमाची तुलना जुन्या कलमाशी केली असता तीन फरक दिसतात. पहिला : मद्यापुढील ‘सार्वजनिक ठिकाणी’ ही मर्यादा गेली. दुसरा : ‘आजार असल्यास’ हा अपवाद गेला, फक्त वैद्याची आज्ञा राहिली. तिसरा : शिक्षा तीन वर्षांवरून सात वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीवर व एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडावर गेली. कलमाचा कर्ता ‘जो कोणी’ असा आहे. त्यातून आईबाप वगळलेले नाहीत.

या फरकांचा अर्थ फार मोठा आहे. आजीने नातवाला सर्दीत दिलेल्या ब्रँडीच्या चमच्याला १९८६ व २००० च्या कायद्यांत जी दुहेरी मोकळीक होती (घर आणि आजार), ती दोन्ही अंगांनी संपली. बापाने सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती घरच्या घरी पेला दिला तर, परवान्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी, तो या कलमाच्या शब्दांत सापडतो. ‘सार्वजनिक ठिकाणी’ एवढे शब्द गळाले आणि घराच्या बाबतीत राज्याची भूमिका पालटली. एवढा बदल होऊनही घराच्या दृष्टीने त्याची सार्वजनिक चर्चा फारशी झाली नाही.

७. देणे आणि पिऊ देणे

७७ वे कलम ‘देणे’ आणि ‘देवविणे’ या दोन क्रियांना लागू होते. मराठीच्या परिभाषेत सांगावयाचे तर ‘पाजणे’ व ‘देणे’ यांचा त्यात समावेश आहे. ‘पिऊ देणे’ त्यात सरळ येत नाही. ज्या बापाने मुलाला काही दिले नाही, पण कपाटातली बाटली कमी होत असलेली पाहूनही जो बोलला नाही, त्याचे काय? त्यासाठी त्याच अधिनियमातील ७५ व्या कलमाकडे वळावे लागते. मूल ज्याच्या ताब्यात वा नियंत्रणात आहे त्याने त्याची बुद्धिपुरस्सर हेळसांड केली व त्यामुळे त्याला शारीरिक किंवा मानसिक क्लेश होण्याचा संभव असला, तर तो त्या कलमाचा विषय होतो.

१९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते मृत्यू पावले. मोटार चालविणारा मुलगा सतरा वर्षांचा होता आणि त्याआधी तो मद्यालयात गेला होता, असे पोलिसांनी नोंदविले. मुलगा मद्य घेतो हे ठाऊक असून त्याला मेजवानीस जाऊ दिले, या आरोपावरून त्याच्या वडिलांवर ७५ व ७७ या दोन्ही कलमांखाली गुन्हा नोंदविण्यात आला. या आरोपांच्या सत्यासत्यतेचा विचार न्यायालयाचा आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, ‘जाऊ देणे’ या क्रियेला ‘देवविणे’ या क्रियेच्या कक्षेत आणण्याचा प्रयत्न येथे झाला. ‘पिऊ देणे’ आणि ‘देणे’ यांतील जी सीमा मराठी व्याकरणात स्पष्ट आहे, ती कायद्याच्या व्यवहारात आता पुसट होऊ लागली आहे.

८. ‘डोळ्यांदेखत’ या युक्तिवादाची परीक्षा

कायदा बाजूला ठेवूनही प्रश्न उरतोच. घरी, मोजून, आईबापांच्या देखत घेतलेले मद्य मुलाला पुढे सावध करते काय? या युक्तिवादाचे बळ मान्य केले पाहिजे. बंदीने मुले खोटे बोलावयास शिकतात आणि अडचणीत सापडली तर आईबापांना कळवीत नाहीत, ही भीती निराधार नव्हे. दारूबंदीच्या काळातील मुंबई राज्याच्या अनुभवावरून चोरून पिण्याची रीत कशी वाढते, हे महाराष्ट्राला चांगले ठाऊक आहे.

तथापि या युक्तिवादाचा मुख्य आधार म्हणून ज्या देशांचा दाखला दिला जातो, त्यांचा इतिहासही पाहावयास हवा. फ्रान्समध्ये जेवणाबरोबर द्राक्षमद्य घेण्याची रीत जुनी. तरी तेथेच १९५६ साली शाळांच्या भोजनगृहांत चौदा वर्षांखालील मुलांना मद्य देणे बंद करावे लागले. इंग्लंडात कायदा पाच वर्षांवर थांबला असला तरी तेथील प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २००९ साली पंधरा वर्षांपर्यंत मुलांना मद्य मुळीच देऊ नये, असा सल्ला प्रसिद्ध केला. ऑस्ट्रेलियात १९२७ किशोरवयीन मुले व त्यांचे पालक यांचा सहा वर्षे पाठपुरावा करून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आईबापांनी मद्य पुरविल्याने मुलांचे रक्षण होते असा पुरावा मिळाला नाही. उलट अशा मुलांना इतरांकडूनही मद्य मिळण्याचा संभव वाढलेला आढळला. म्हणजे घरचा पेला बाहेरच्या पेल्याची जागा घेत नाही; तो त्यात भर घालतो. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने मद्याचे निर्धोक असे प्रमाण नाही, असे स्पष्ट केले.

भारतातील चित्र आणखी वेगळे आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. तीनुसार १० ते ७५ या वयोगटातील १४.६ टक्के लोक मद्य घेत होते. १० ते १७ या वयोगटात हे प्रमाण १.३ टक्के होते. मुलांची मद्याशी गाठ पडणारच, हे गृहीत धरूनच घरच्या शिकवणीचा युक्तिवाद उभा राहतो. येथील बहुसंख्य मुलांच्या बाबतीत ते गृहीतक खरे नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा ‘घर’ या शब्दाचा आहे. ज्या समाजात मद्य जेवणाच्या पानाबरोबर येते, तेथे ‘घरी घेणे’ म्हणजे सर्वांसमवेत, अन्नाबरोबर, स्त्रियांच्या उपस्थितीत घेणे होय. मराठी घरात मद्याला पानाजवळ जागा नाही. पुरुष ‘बसतात’ ते बहुधा घराबाहेर. घरात बसले तर वेगळ्या खोलीत किंवा गच्चीवर. स्त्रियांचा मोठा वर्ग त्यापासून दूर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील पुरुषांत मद्य घेणारे सुमारे १९ टक्के, तर स्त्रियांत सुमारे १ टक्का आढळले. मग ‘पालकांनी घेऊ द्यावे काय’ या प्रश्नातील ‘पालक’ कोण? कलम ४० ब मधील ‘कुटुंबप्रमुख’ या शब्दाप्रमाणेच ‘पालक’ हा शब्दही दोन माणसांना एका नावाखाली झाकतो. ‘आईबाप’ असे म्हटले की ती दोन होतात, आणि त्यांचे मत एकच असेल असे नाही.

बाईचे मत काय, हे महाराष्ट्राने एका वेगळ्या मार्गाने विचारले आहे. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातील किंवा प्रभागातील पंचवीस टक्के स्त्री-मतदारांनी वा एकूण मतदारांनी मागणी केल्यास दुकान बंद करण्याविषयी मतदान घेता येते, आणि निम्म्याहून अधिक मते बंदीच्या बाजूने पडल्यास दुकान बंद होते. मतपत्रिकेवरील चिन्हे उभी बाटली आणि आडवी बाटली. ‘बाटली आडवी करणे’ हा वाक्प्रचार या मतदानातूनच मराठीत रुळला. हे मतदान दुकानाविरुद्ध असते. पण त्यामागील तक्रार घरातली असते. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा वाईन ही ‘दारू’ आहे की नाही यावर जोराचा शब्दवाद झाला. विरोधामुळे तो निर्णय अमलात आला नाही. डाळतांदळाच्या पिशवीतून बाटली घरी येणे, हा त्या वादाचा खरा विषय होता.

९. उपसंहार

या इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. आईबापांनी मुलांना घरी मद्य द्यावे की नाही याचा स्वतंत्र निर्णय घेण्याचा अधिकार महाराष्ट्रातील कुटुंबाकडे १९४९ नंतर कधीच पूर्णपणे नव्हता. दारूबंदी अधिनियमाने औषधापुरता तो कुटुंबप्रमुखाला दिला. परवान्याच्या नियमांनी वयाच्या आधारे तो काढून घेतला. बालन्यायाच्या कायद्यांनी १९८६ पासून त्याकडे डोळेझाक केली आणि २०१५ साली ती डोळेझाकही संपविली. अनुभवाचा पुरावाही देण्याच्या बाजूने नाही. म्हणून ‘देणे’ व ‘पाजणे’ यांच्या बाबतीत उत्तर नकाराचेच आहे.

‘पिऊ देणे’ याच्या बाबतीत मात्र कायद्याचे उत्तर पुरेसे नाही. सतरा वर्षांचा मुलगा बाहेरून पिऊन आला, तर बापाने काय करावे? सात वर्षांच्या सक्तमजुरीचे भय घरात शिरले तर तो बाप डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जाण्याऐवजी गप्प बसण्याचा संभव अधिक. शिरोलीसारख्या वसाहतीत, जेथे पाळीवर जाणारा बाप आणि उमेदवारी करणारा मुलगा यांची भेटच दिवसाकाठी तासभर होते, तेथे हे मौन अधिक महाग पडते. घराच्या आत पाहणारे कलम लिहिताना घरातील माणसांना मदत मागण्याची वाट मोकळी ठेवणे आवश्यक होते. २०१५ च्या कलमात ती दिसत नाही. सोळाव्या वर्षी मित्राप्रमाणे वागावे या सुभाषिताचा अर्थ पेला पुढे करणे असा होत नाही. परंतु त्या वयाच्या मुलाशी मद्याविषयी मोकळेपणाने बोलणे, आणि ते बोलणे आईने व बापाने मिळून करणे, एवढा अर्थ त्यातून निश्चित निघतो.

अभ्यासाच्या दृष्टीने दोन कामे पुढे दिसतात. मद्य व मूल यांविषयीच्या इंग्रजी कलमांची मराठी भाषांतरे एकत्र करून ‘देणे’, ‘देवविणे’, ‘पुरविणे’ या क्रियापदांचा वापर त्यांत कसा झाला आहे, हे तपासणे हे पहिले. शिरोली, नागाव, हालोंडी, टोप या पट्ट्यातील कामगार कुटुंबांत पिण्यासंबंधी कोणते शब्द बाप वापरतो, कोणते आई वापरते आणि कोणते मुले वापरतात, यांची नोंद करणे हे दुसरे. हे शब्द एकत्र आले म्हणजे ‘घरात’ नेमके काय चालते, हे कलमांपेक्षा अधिक स्पष्टपणे कळू शकेल.